आमचा अंक छापणारी प्रेस : काम एक नंबर, पण घाईत असाल तर जाऊ नका

आमचं त्रैमासिक आहे, चित्रकला, नाटक, थोडं संगीत असं, पाचशे प्रती, 64 पानं, क्राउन साइझ, सेंटर पिन (म्हणजे मधल्या घडीवर पिन मारलेला). ऑफिस म्हणजे संपादक मॅडमच्या घराची पुढची खोली, आणि स्टाफ म्हणजे त्या, मी आणि अर्धा दिवस येणारा लेआउटवाला मुलगा, बास. प्रुफं मी वाचते, वर्गणी संपलेल्यांना फोन मी करते, पत्त्यांची लेबलं मी चिकटवते आणि प्रेसवर जाऊन बसायचं कामही माझ्याकडेच आहे. म्हणून "तुम्ही कुठे छापता" हा प्रश्न मलाच येतो आणि सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

प्रेस पुण्यात, पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. नाव इथे टाकत नाही कारण मालक काकांनीच बजावलंय, "अहो ताई, आहेत तीच गिऱ्हाइकं दिवाळीच्या आधी आवरत नाहीत, आणखी पाठवू नका." दोन कलरचं 20 बाय 30 इंचांचं जुनं ऑफसेट मशीन आहे, छपाईच्या प्लेटा बाहेरून सीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्या मशीनवर करून आणतात, घडी-पिन-कटिंग मागच्या खोलीत. गाडी लावायला जागा अजिबात नाही, रिक्षाने जा.

आता काम. आमच्या साइझला 20 बाय 30 च्या एका शीटमध्ये सोळा पानं बसतात, म्हणजे 64 पानांचे चार फॉर्म, आणि पाचशे प्रतींना चार रिम कागद. वेस्टेज धरून आम्ही साडेचार पाठवतो, उरला तर काका त्याची पॅडं करून देतात, ती आम्हाला वर्षभर पुरतात. चारही फॉर्म रंगीत करणं आम्हाला झेपत नाही, एकच करतो. सेंटर पिनमध्ये फॉर्म एकात एक बसतात, त्यामुळे सलग रंगीत पानं हवी असतील तर ती मधलीच मिळतात, 25 ते 40. हे मॅडमना इतक्या वेळा सांगून झालंय तरी दर अंकाला एखादा लेख असा येतोच की त्यातलं चित्र बारा नंबरच्या पानावर रंगीतच पाहिजे, मग पुन्हा सगळी अनुक्रमणिका हलवा, लेखकांना फोन करा, एक परीक्षण पुढच्या अंकात ढकला. काका हे सगळं शांतपणे बघतात, कोरा कागद घेतात, घड्या घालून त्यावर पेन्सिलने पाननंबर टाकून डमी समोर ठेवतात आणि म्हणतात हे बघा, तुमचं बारा नंबर इथे येतं, याच्या पाठीला काय येतं ते बघा, आणि मग मला सांगा. डमी हातात आली की मॅडमचा आवाज निम्म्यावर.

या प्रेसचा खरा माल म्हणजे मशीनवरचे दादा. फाइल पाठवली की ऑनलाइन छापून देणारे पण आहेत, स्वस्त आहेत, घरपोच देतात, एकदा आम्ही तिकडेही छापलं, पण तिथे तुमची पीडीएफ कुणी बघत नाही, जे पाठवाल ते छापून येतं. इथे प्लेटला जायच्या आधी दादा फाइल स्क्रीनवर उघडून एकेका रंगाची प्लेट वेगळी करून बघतात. मागच्या उन्हाळ्यातल्या अंकात आमच्या लेआउटवाल्या मुलाने वर्डमधून उचललेला एक लेख आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगांतच) राहिला होता, सीएमवायके (छपाईचे निळा, गुलाबी, पिवळा, काळा हे चार रंग) करताना त्याचा सगळा मजकूर चारी रंगांत गेला. स्क्रीनवर काळाच दिसतो, कुणाला काही कळत नाही. दोन कलरच्या मशीनवर चार रंग म्हणजे कागद दोनदा जाणार, केसाएवढा जरी सरकला तरी बारीक अक्षराच्या कडेला निळी-गुलाबी सावली पडणार, आणि आपल्या वेलांट्या, रफार, अनुस्वार तर त्यात पार गढूळ होतात. दादांनी फोन करून एवढंच विचारलं, "ताई, एकतीस नंबरचा लेख रंगीत वाचायचाय का?"

आणि कोळशाची चित्रं. एका चित्रकाराची काळी-करडी ड्रॉइंगं रंगीत फॉर्ममध्ये टाकली होती, आम्हाला वाटलं चार रंगांत जास्त खोली येईल. पहिलं शीट निघालं तर करडा भाग तपकिरीकडे झुकलेला, चहा सांडल्यासारखा. दादांनी भिंग लावून मला दाखवलं, जवळून बघितलं की करडं असं काही नसतंच, निळे, गुलाबी, पिवळे ठिपके असतात आणि त्यातला एक जरा जास्त झाला की सगळं चित्र त्या बाजूला जातं. म्हणाले फक्त काळ्यात घ्या, आणि काळ्यात घेताना गडद भाग थोडे उजळ करून द्या, मॅपलिथोवर, म्हणजे आपल्या या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते, तुमचा काळोख भरून येईल. मशीन थांबवलं, त्या पानांच्या प्लेटा नव्या केल्या, बिलात फक्त प्लेटांचे पैसे लावले, मशीन खोळंबल्याचे नाही. चित्रकार अंक बघून खूश. आम्ही अर्थातच सगळं श्रेय घेतलं.

मागच्या खोलीतल्या बायका घडी आणि जुळणी करतात, त्यांचा हात बघत बसावं असा आहे. सेंटर पिनमध्ये आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगला त्यांची कड जास्त कापली जाते, त्यामुळे मधल्या पानांचे पाननंबर कडेला चिकटल्यासारखे दिसायचे. हे लेआउटवाल्याला नाही, मला नाही, यातल्या एका मावशींना दिसलं. आता मधल्या फॉर्मचे नंबर आम्ही दोन-तीन मिलिमीटर आत घेतो.

बरं, आता कौतुक पुरे.

वेळ. काकांची "शुक्रवारी देतो" ही एक सदिच्छा समजा. लग्नपत्रिका आल्या की आपला अंक मागे, शाळांचं काम आलं की मागे, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत तर दिवाळी अंकांपुढे आम्हा त्रैमासिकवाल्यांना कुणी विचारत नाही. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर वर्षी ऑक्टोबरात मराठी प्रेसवाले असेच वागत असणार, असं मला वाटतं. पण आम्हाला हे महागात पडतं, कारण अंक पोस्टात टाकायची आमची ठरलेली तारीख हुकते. एकदा हे झालं, वर्गणीदारांचे गठ्ठे माझ्या घरी पडून राहिले. त्या वेळी काकांशी बोलणं जरा कडकच झालं. तेव्हापासून मी काकांना पोस्टाच्या तारखेच्या आठ दिवस आधीची तारीख सांगते. त्यांना हे माहीत आहे, मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे, पण चालतंय.

दुसरं म्हणजे रंग. त्यांना वाईट वाटेल पण चित्रांचा कॅटलॉग, आर्ट पेपरवर पानभर पेंटिंगं, असलं काही असेल तर ही प्रेस नको. चार कलरच्या मशीनवर एकाच फेरीत जे जुळून येतं ते इथे नाही येत. आमचं कव्हर आम्ही बाहेर छापून मॅट लॅमिनेशन करून आणतो आणि यांना फक्त क्रीझ करून पिन मारायला देतो. काकांनी पहिल्यांदा तोंड पाडलं, मग स्वतःच म्हणाले बरं केलंत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही. इम्प्रिंट लाइन, म्हणजे ते मालक-मुद्रक-प्रकाशक यांनी अमुक ठिकाणी छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केले वालं वाक्य, काका दर वेळी स्वतः वाचतात. मार्चच्या अंकात मालकीचं निवेदन घेतलं का, हे आम्हाला आठवायच्या आधी ते विचारतात. नियतकालिकांच्या नोंदणीचा 1867 चा कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून नवा आला तेव्हा नोंदणीच्या पोर्टलवर जाऊन काय भरायचं हेसुद्धा आम्हाला आधी तिथेच कळलं, शेजारी बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका मासिकवाल्या गृहस्थांकडून. त्या बाकावर सगळे असेच भेटतात.

दर मध्यम. पैसे अर्धे आधी, अर्धे अंक उचलताना, पण वर्गणी अडकली असेल तर थांबतात. कागद शक्यतो आपणच घेऊन द्या, कारण मग कुठला आणि किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा) हे आपल्या हातात राहतं. फक्त सप्टेंबर 2025 पासून कागदावरचा जीएसटी 12 चा 18 टक्के झालाय आणि मासिक करमुक्त असल्यामुळे तो आपल्याला परत मिळत नाही, तेव्हा बजेट करताना ते आधीच धरा. आणि पहिल्यांदा जाल तेव्हा पेनड्राइव्हबरोबर घरच्या प्रिंटरवर काढलेली पूर्ण अंकाची प्रिंट न्या. ती नसेल तर काका फाइल उघडतसुद्धा नाहीत.