हापूसच्या हिशोबात ‘सोर्स कोड प्रो’: आठ महिन्यांनंतर

‘सोर्स कोड प्रो’ हा फाँट प्रोग्रामरांसाठी केलेला, आणि मी देवगडचा आंबेवाला. हिशोब साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतो, कारण आमच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेल उघडेपर्यंत टेम्पो निघून जातो.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने माझ्या बिलावरचा आयएफएससी कोड टाकताना शून्याऐवजी ओ मारला. त्या कोडात पाचवं अक्षर कायम शून्यच असतं, पण हे त्याला कुठून ठाऊक असणार? पैसे आठवडाभर लटकले. दोष बिलाचा होता. त्यावर दोन्ही गोल सारखेच दिसत. मोहर यायच्या सुमारास मी फाँट बदलला.

आता शून्याच्या पोटात ठिपका असतो. कॅपिटल आयला वर-खाली आडव्या रेघा, १ या आकड्याला खाली बैठक, आणि छोट्या एलची शेपटी उजवीकडे वळलेली. पंधरा अक्षरी जीएसटी नंबर फोनवर वाचून दाखवताना जीभ अडखळत नाही. आमचे आबा पूर्वी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “ह्यां काय, शून्य की ओ?” यंदा एकदाही विचारलं नाही.

अडोबी कंपनीने २०१२ साली आपल्याच ‘सोर्स सॅन्स’ फाँटवरून हा बेतला, पॉल हंट या डिझायनरकडून. फुकट आहे, परवाना खुला. प्रत्येक अक्षराची रुंदी उंचीच्या मापाच्या ०.६ पट. म्हणजे १० पॉइंटला (इंचाचे ७२ पॉइंट) एक अक्षर ६ पॉइंटचं, इंचात १२, जुन्या टाइपरायटरच्या बारीक टाइपाइतकी. ८० अक्षरांची ओळ ४८० पॉइंटची होते आणि ए-फोर कागदावर दोन्हीकडे साधारण दोन सेंटिमीटर समास सुटतो. पेट्या, डझन, दर, हमाली, भाडं, आडत: स्पेसबार मारून रकाने लावले तरी छापल्यावर आकड्याखाली आकडा येतो. वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, शेजारी ठेवली की आकड्यांतला फरक लगेच दिसतो.

आता रडगाणं. यात देवनागरी नाही. मराठी लिहिलं की संगणक दुसऱ्याच फाँटातून अक्षरं उसनी आणतो आणि रकाने वाकडे होतात. नुसता फाँटचाही दोष नाही म्हणा. ‘स्त्री’ हे एक अक्षर संगणकाच्या लेखी सहा खुणांचं. ‘र’ आणि ‘क्ष’ एकाच मापाच्या चौकटीत बसवायचे तर एक भुकेला आणि दुसरा गुदमरलेला दिसणार. मी उपाय काढला: गड्यांची मराठी नावं शेवटच्या रकान्यात. पुढे काहीच नसल्याने सरकली तरी कुणाचं नुकसान नाही.

फाँटची बारीक वजनं, म्हणजे पातळ रेघांची अक्षरं, आमच्या स्क्रीनवर झिजल्यासारखी दिसतात. खळ्यात उन्हात बसून पेट्या मोजताना जाडसर सेमीबोल्डच लावतो, आत पडवीत रेग्युलर. गिऱ्हाइकाला पत्र मात्र यात लिहू नका. मी एकदा लिहिलं, तर समोरून फोन आला, “काय रे, नोटीस कसली पाठवलीस?”