तिसरा जुमार: टिबलॉक घ्यावा की बेसिक?

"अगं, दोन जुमार असताना तिसऱ्याचं ओझं कशाला?"

नाशिकहून दादा फोनवर विचारत होता. जुमार म्हणजे रोपावर (जाड दोरावर) वर सरकणारं आणि वजन आलं की रोपाला धरणारं चढायचं यंत्र; टिबलॉक आणि बेसिक ही त्याचीच दोन मॉडेलं. गुहांत उतरताना मी दोन जुमार वापरते आणि तिसरा जास्तीचा बरोबर ठेवते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कातळांवर वीस वर्षं घालवलेला माणूस, त्यामुळे त्याचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. कड्यावर उजेड असतो, वरच्या गड्याला हाक ऐकू जाते, अडकलंच तर वरून दुसरा रोप सोडता येतो. गुहेतल्या उभ्या विवरात यातलं काहीच धरून चालता येत नाही. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. आणि गेल्या दोन वर्षांत यावर माझं मतही बदललं आहे.

मी लीड्सला राहते. तासा-दीड तासावर यॉर्कशायर डेल्सचा चुनखडीचा डोंगराळ प्रदेश आहे आणि त्याच्या पोटात विवरांचं जाळं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी 9 मिलिमीटरचा स्टॅटिक (फारसा न ताणला जाणारा) रोप लावतात आणि वर यायचं ते बेडूक पद्धतीने: एक जुमार छातीशी, हार्नेसच्या (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) मधल्या कडीला बसवलेला, दुसरा हातात, त्याला पायात अडकवायचा फास आणि हार्नेसपर्यंत येणारी सुरक्षा-दोरी. पाय आखडून घ्यायचे, हातातला जुमार वर सरकवायचा, फासात उभं राहायचं, छातीचा जुमार आपोआप वर येतो, मग बसायचं. एका दमात होणारी लयबद्ध हालचाल आहे, सवय झाली की छान वाटते. पण या दोघांपैकी एकाने जरी दगा दिला, तरी तुम्ही अंधारात, ओल्या अंगाने, अधांतरी लटकलेले असता. वर जाता येत नाही आणि खाली उतरायचं तर वजन जुमारवरून डिसेंडरवर (उतरायच्या यंत्रावर) घ्यावं लागतं, त्यासाठीही आधी शरीर वर उचलायला काहीतरी लागतंच. तिसरा जुमार त्या क्षणासाठी असतो.

माझा तो क्षण बार पॉटमध्ये आला. क्लॅपहॅम गावातून ट्रो गिलच्या घळीतून वर चढत गेलं की इंगलबरो डोंगराच्या अंगाला गेपिंग गिल या विवराचं प्रसिद्ध तोंड आहे. ओढा सरळ 98 मीटर खाली कोसळतो. 1895 साली फ्रेंच गुहासंशोधक एदुआर मार्तेल तिथे दोराच्या शिडीवरून पहिल्यांदा तळाला पोचला. (मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये तिथले क्लब विंच लावून सामान्य लोकांनाही खुर्चीत बसवून खाली सोडतात. इकडे कुणी नातेवाइकांकडे येणार असाल तर तो दिवस चुकवू नका.) त्याच गुहेत बाजूने उतरायची वाट म्हणजे बार पॉट. वरच्या टप्प्याला अरुंद फट आहे, तिच्याखाली बऱ्याच अंतरावर तिसेक मीटरचा मोठा टप्पा.

परतीच्या वाटेवर त्या मोठ्या टप्प्यावर मी निम्मं अंतर चढले असेन. उभी राहिले, बसले, आणि वीतभर खाली आले. छातीचा जुमार धरतच नव्हता. वजन हातातल्या जुमारच्या सुरक्षा-दोरीवर आलं. दिवसभर आमच्या आधी चार-पाच जण वर गेल्यामुळे रोपावर चिखलाचा लेप बसला होता. माझा छातीचा जुमार जुना, कॅमचे (रोपाला दाबून धरणाऱ्या जिभेचे) दात झिजलेले, आणि दातांच्या फटींत तोच चिकट चिखल ठासून भरलेला. कपारीतून टपकणाऱ्या पाण्याखाली धरला, हातमोज्याच्या बोटाने घासला, दोनदा धरला, तिसऱ्यांदा पुन्हा सरकला. दात झिजलेत हे मला दोन फेऱ्यांपूर्वी लक्षात आलं होतं आणि तरी मी तो बदलला नव्हता. ही चूक माझी, आणि ती पुन्हा होणार नाही.

हार्नेसच्या उजव्या लूपला पेट्झल कंपनीचा टिबलॉक होता. 35 ग्रॅमचा, दातेरी पत्र्याची छोटी घडी म्हणा. त्यात झडप, खटका असं काही नाही. ती घडी रोपावर बसवायची आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) असा घालायचा की रोप कॅरॅबिनर आणि दात यांच्यामध्ये सापडेल. वजन आलं की कॅरॅबिनर रोपाला दातांवर दाबतो. 8 ते 11 मिलिमीटरच्या रोपावर चालतो. दाते तिरके आहेत आणि चिखल बाहेर पडायला खाच आहे. त्या दिवशी त्याने त्या लेपटलेल्या रोपाला पहिल्या झटक्यात धरलं. बसले आणि जागची हलले नाही. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे. वरचं उरलेलं अंतर मी त्याच्याच आधारावर आले.

पण त्या पंधरा मीटरांनी मला बरंच शिकवलं.

पहिली गोष्ट बसवण्याची. टिबलॉक रोपावर चढवायचा तर कॅरॅबिनर आधी त्यातून पूर्ण काढावा लागतो. म्हणजे काही सेकंद एका हातात नखाएवढा पत्रा, दुसऱ्या हातात उघडा कॅरॅबिनर, बोटं गारठलेली, त्यावर रबरी हातमोजे, आणि पायाखाली पंधरा मीटर अंधार. त्याला बारीक दोरी ओवायला भोक दिलेलं आहे आणि मी ती ओवलेली होती, म्हणून निभावलं. ज्याने ओवली नसेल त्याचा टिबलॉक अशा वेळी तळाला जाईल, असंच मी धरून चालते.

दुसरी गोष्ट चढण्याची. छातीच्या जुमारला वरून खांद्याच्या पट्ट्याने ओढून धरलेलं असतं, म्हणून आपण उभं राहिलो की तो बरोबर वर येतो. टिबलॉकला असा वरून बांधायचा धड कान नाही. तो कॅरॅबिनरवर सैल डोलतो. प्रत्येक वेळी फासात उभं राहून, एका हाताने हातातला जुमार धरून, दुसऱ्या हाताने टिबलॉक वर ढकलायचा आणि मग बसायचं. कॅरॅबिनरच्या लांबीमुळे बसताना पुन्हा चार बोटं खाली. नेहमी जेवढा पल्ला एका उठण्यात व्हायचा त्याच्या निम्मा होऊ लागला. टप्प्याच्या माथ्याशी पोचले तेव्हा मांड्या थरथरत होत्या. वरच्या मैत्रिणीने हात दिला, पाणी दिलं, आणि काही न बोलता माझा छातीचा जुमार हातात घेऊन त्याचे दात बघत राहिली.

त्या आठवड्यात मी पेट्झलचाच बेसिक आणला. हातातल्या जुमारची मूठ कापून टाकली तर जे उरेल ते म्हणजे बेसिक: कॅम, खटका, खाली भोक, वर भोक. वजन 85 ग्रॅम. रोपाची जाडी तीच, 8 ते 11 मिलिमीटर. घरामागच्या झाडाला 9 मिलिमीटरचा जुना रोप टांगला, त्याला बागेतली ओली माती चोळली, गुहेत घालते तेच हातमोजे घातले, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवले आणि लटकून दोन्ही आळीपाळीने लावून बघितले. नवरा खाली घड्याळ घेऊन उभा होता. टिबलॉकला कॅरॅबिनरचा स्क्रू लावेपर्यंत सरासरी चाळीस सेकंद लागले. बेसिकला दहा-बारा. कारण सरळ आहे: बेसिक हार्नेसला अडकवलेलाच राहतो. खटका ओढायचा, रोप आत, खटका सोडायचा. कुठलीही गोष्ट मोकळी होत नाही, त्यामुळे पडायचा प्रश्नच नाही. वरच्या भोकातून छातीच्या पट्ट्याला दोरीचा तुकडा बांधला की तो छातीच्या जुमारसारखाच वर येतो. थोडं खाली यायचं असेल तर वजन काढून अंगठ्याने कॅम किंचित मागे दाबला की रोप सरकतो. टिबलॉकवर हेच करायला दोन्ही हात लागतात.

वजनाचं म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही मांडले. कॅरॅबिनर दोघांनाही लागतो. माझा अंडाकृती स्क्रूगेट 75 ग्रॅमचा. म्हणजे टिबलॉकचे एकूण 110 आणि बेसिकचे 160. फरक 50 ग्रॅम, शेंगदाण्याच्या दोन चिक्क्यांएवढा. दुकानात 35 आणि 85 हे आकडे शेजारी वाचले की बेसिक दुपटीहून जड वाटतो, प्रत्यक्षात तसं नाही. आकार मात्र खरंच मोठा आहे. पोटावर सरपटत जायच्या बोळांत तो कडेला अडकतो. म्हणून मी तो अशा जागी लूपवर न ठेवता सॅकमध्ये टाकते आणि टप्प्याच्या खाली पोचले की चढायच्या आधी बाहेर काढते.

मायक्रो ट्रॅक्सिअनही (दातेरी कॅम असलेली छोटी पुली) वापरून बघितला. तोही 85 ग्रॅमचाच. ओढायच्या कामाला तो अप्रतिम आहे, पुली 91 टक्के कार्यक्षम. जखमी माणसाला किंवा जड सॅक वर घ्यायची असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. आमच्या गटात एक असतोच. पण स्वतःच्या सुटकेसाठी मला तो पटला नाही. रोप घालायला त्याची बाजूची पाटी फिरवावी लागते, म्हणजे पुन्हा कॅरॅबिनरमधून मोकळा करणं आलं. शिवाय कॅम उघडा अडकवून ठेवायची सोय त्यात आहे. चिखलात, घाईत तो उघडाच राहिला आणि आपल्याला कळलं नाही, तर?

प्रुसिकबद्दल, म्हणजे बारीक दोरीने रोपावर बांधायच्या गाठीबद्दल, आपल्याकडे खूप प्रेम आहे आणि ते योग्यच आहे. कार्ल प्रुसिकने 1931 साली मांडलेली ती गाठ प्रत्येकाला डोळे मिटून बांधता आली पाहिजे. पण 9 मिलिमीटरच्या रोपावर 6 मिलिमीटरच्या दोरीची गाठ आधी चिखलावरून घसरते, आणि एकदा आवळली की हातमोज्यांनी सुटत नाही. मी ती दोरी जवळ ठेवते, पण पायाच्या फासाला पर्याय म्हणून.

जाता जाता: आपण सगळ्याच यंत्रांना जुमार म्हणतो, पण ते मुळात दोन स्विस माणसांच्या आडनावांची सुरुवात जोडून झालेलं नाव आहे, युसी आणि मार्टी. ही 1950 च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आणि ज्याच्या नावाने पेट्झल कंपनी ओळखली जाते तो फर्नांड पेट्झल स्वतः गुहांमध्ये उतरणारा होता. ग्रेनोबलजवळच्या क्रॉल गावावरून त्यांच्या छातीच्या जुमारला क्रॉल नाव पडलं. कड्यावर आपण वापरतो त्यातलं किती सामान मुळात गुहेतून आलं आहे, हे मला इथे आल्यावर कळलं.

दातेरी जुमार वापरणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळकळीने सांगते, मग तो टिबलॉक असो की बेसिक. हे यंत्र वजन धरायला आहे, पडणारा माणूस अडवायला नाही. युरोपच्या ईएन 567 या मानकात रोपाला इजा न करता 4 किलोन्यूटन (सुमारे 400 किलो वजनाएवढी) ओढ सोसावी एवढीच अपेक्षा आहे. त्यापुढे दात रोपाचं कवच फाडू शकतात. म्हणून जुमारच्या वर कधीही चढून जाऊ नका, मधला रोप सैल ठेवू नका. आणि जुना टिबलॉक कुणी स्वस्तात देत असेल तर आधी बघा की त्याला स्प्रिंग आहे का. नव्या आवृत्तीत कॅरॅबिनर रोपावर दाबून धरणारी स्प्रिंग आहे. जुन्यात नव्हती, त्यामुळे पहिलं वजन देताना अंगठ्याने दाबून धरायला लागायचं. नाही धरलं तर तो आधी घसरायचा आणि मग एकदम चावायचा. कॅरॅबिनरही कुठलाही चालत नाही, कारण रोप त्याच्याच अंगावर दाबला जातो. सोबतच्या कागदात दिलेला आकारच वापरा.

सह्याद्रीत आपला काळा पाषाण चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अशी विवरं आपल्याकडे नाहीत. पण सांधण दरीत किंवा पावसाळी धबधब्यांवर रॅपलिंग करणाऱ्यांचा रोपही भिजतो, मातीने माखतो, आणि मधेच अडकलेल्याला वर यावं लागतं. तिथे बहुतेकांकडे एकही जुमार नसतो. तुमच्यासाठी टिबलॉक आणि एक 6 मिलिमीटरची दोरी ही फार चांगली जोडी आहे: खिशात मावते, त्यामुळे खरोखर बरोबर घेतली जाते. हिवाळ्यात मेघालयाच्या गुहांना जाणाऱ्या मराठी मंडळींना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. क्रेम लियात प्राह 30 किलोमीटरहून लांब आहे; आत गेल्यावर बाहेरची मदत पोचायला वेळ लागतो. तिथे उभे टप्पे असतील तर बेसिकच न्या, आणि निघण्याआधी घरी एकदा तरी मातीने माखलेल्या रोपावर, हातमोजे घालून, छातीचा जुमार बाद झालाय असं समजून चढून बघा.

माझा बेसिक आता उजव्या लूपवर, कान पुढे करून, छातीच्या पट्ट्याला बांधायचा दोरीचा तुकडा आधीच ओवलेला. छातीचा जुमार नवा घेतला, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात एक जुना टूथब्रश असतो, दात घासायला. टिबलॉक दादाला पाठवला. त्याला लाल दोरी ओवून, शेवटी गाठ मारून दिली आहे. पार्सल पोचल्यावर त्याचा फोन आला. तिसरा कशाला, हे त्याने या वेळी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की ती दोरी हार्नेसला कुठल्या बाजूने बांधू.