चौदा वर्षांच्या पीसीवर लिनक्स मिंट: काही महिने वापरून, निरोप देताना

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा माझ्या डीटीपीच्या टेबलावरचा पीसी चौदा वर्षांचा झाला होता. कोअर आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि नंतर वाढवून ८ जीबी केलेली रॅम. २०११ च्या उन्हाळ्यात असेंबल करून घेतला होता. त्याच वर्षी थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि डिस्कचे भाव भडकले. आमचा पीसी त्याआधी आला, म्हणून परवडला.

विंडोज ११ साठी किमान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. माझा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आणखी वर्षभर वाढीव अपडेट घेण्याची सोय होती, पण हार्ड डिस्कवरचं विंडोज सुरू होईपर्यंत चहा होऊन प्यायला जायचा. म्हणून दिवाळी अंकांची कामं हातावेगळी झाल्यावर एक एसएसडी (फिरत्या भागांशिवायची वेगवान डिस्क) आणली, तिच्यावर लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच आत ठेवली. विंडोजच्या बाजूचं इंटरनेट बंद करून टाकलं. ही रचना का केली ते पुढे येईलच.

वेगाबद्दल थोडक्यात सांगते. एच६१ बोर्डाचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, ३ गिगाबिटचे असतात, त्यामुळे नवी एसएसडी तिथे जेमतेम निम्म्या वेगाने धावते. तरीही फरक इतका की पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, नवीन घेतलास का?" मिंट सुरू झाल्यावर एक जीबीच्या आसपास रॅम घेतं, बाकीची कामाला मोकळी राहते. लिब्रेऑफिस, ब्राउझर, मेल, बँकेची कामं सुरळीत चालली. लेझर प्रिंटर लगेच ओळखला गेला, स्कॅनरने थोडा वेळ घेतला. जड पडला तो व्हिडिओ. या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ झेपतो, पण हल्ली साइट्स व्हीपी९ प्रकारचा पाठवतात आणि तो उलगडण्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागणारं एक्स्टेंशन घातल्यावर ७२० पर्यंत नीट चाललं. ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायची म्हटली की मात्र पंखा ओरडायला लागायचा.

मराठी टायपिंगची धास्ती अनेकांना असते, ती बाळगू नका. आयबस या टायपिंगच्या सोयीत मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला की काम सुरू. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, सगळं विंडोजवर होतं तसंच. मुक्ता आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे दोन्ही मोफत फॉन्ट घालून घेतले. मजकुराच्या पानांसाठी शोभिका मला फार आवडला. त्यातली जोडाक्षरं जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांसारखी नीट बसतात. पानं लावायला जुन्या पेजमेकरच्या जागी स्क्रायबस हे सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या जुन्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरं फुटायची, म्हणून आमच्या धंद्यातले लोक त्याच्याकडे फिरकत नव्हते. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ मध्ये ती नीट येतात. सवय व्हायला वेळ लागतो, पण पत्रिका, अहवाल, छोट्या पुस्तिका मी त्यात पूर्ण केल्या आहेत.

आता ज्यासाठी हे महिने खरे कामी आले, ते सांगते.

माझ्या हार्ड डिस्कवर पेजमेकरच्या फायलींचा डोंगर होता. दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, गावच्या यात्रेचे अहवाल, कवितासंग्रह. त्यातले काही कवी आता हयात नाहीत. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, ठाऊकच नाही. तिच्यात वापरायचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून केलेले असायचे. तो फॉन्ट मशीनवर असेपर्यंत मजकूर मराठी, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. म्हणजे पीसी बंद पडला की फाइल पेनड्राइव्हवर सुरक्षित असूनही मजकूर मेलेला. आमच्या व्यवसायातली कितीतरी जुनी मशीन्स फक्त याच भीतीने कोपऱ्यात चालू ठेवलेली आहेत.

म्हणून विंडोज ठेवलं होतं. रोज संध्याकाळी थोडा वेळ त्या बाजूला जायचं, पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढायचा, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा आणि मिंटवर लिब्रेऑफिसमध्ये तपासायचा. तपासण्याला पर्याय नाही, कारण या दोन पद्धतींत अक्षरांचा क्रमच वेगळा असतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार उलट: जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. कन्व्हर्टर हे बहुतेक वेळा सांभाळतो, पण जोडाक्षरावर रफार आणि वेलांटी एकत्र आली की घसरतो. सगळ्यात जास्त डोळे गेले ते अर्ध्या र वर. सह्याद्रीवरच्या एका लेखात जिथे तिथे 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता, आणि स्पेलचेकर तो पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. तसाच 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून पुष्कळ कन्व्हर्टर अजून 'अ'वर चंद्र चढवून देतात. दिसायला सारखंच, पण 'ॲडव्होकेट' शोधलं तर सापडत नाही. हे मी शोधा-बदला वापरून एकदम दुरुस्त केलं. अर्धा र मात्र ओळीओळीने, मूळ छापील अंक शेजारी ठेवून. काम कंटाळवाणं आहे, पण ते मनापासून केलं. दुसऱ्याने विश्वासाने दिलेला मजकूर आपल्या मशीनबरोबर नाहीसा व्हावा, हे मला पटत नाही.

मशीनचं म्हणाल तर हिवाळाभर काही तक्रार नव्हती. घड्याळ मागे पडायला लागलं तेव्हा बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. एकदा चालू होताना नुसते बीप आले, तेव्हा रॅम काढून खोडरबराने संपर्क घासले आणि परत बसवली. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. झाकण काढलं तर प्रोसेसरजवळच्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. इतकी वर्षं उष्णता सोसून त्यातला द्रव सुकतो, व्होल्टेज स्थिर राहत नाही. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "ताई, एच६१ चे नवे बोर्ड अजून मिळतात, बदलून देतो. दोन-तीन वर्षं चालेल." ते खरंच आहे, आणि माझ्या फायली अजून आत अडकलेल्या असत्या तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण तोवर बहुतेक मजकूर बाहेर आला होता. मी म्हटलं, "नको दादा, आता त्याला सोडू या."

सोडताना सर्वात जपून करायची गोष्ट म्हणजे डिस्क. डीटीपीच्या दुकानात लोक आधार कार्ड, सातबारा, मार्कशीट स्कॅन करायला येतात, आणि त्यांची कागदपत्रं आपल्या डिस्कवर पडून असतात. नुसतं फॉरमॅट केल्याने ती जात नाहीत, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत येतात. मिंटमधल्या डिस्क्स या ॲपमध्ये फॉरमॅट करताना सगळ्या जागेवर शून्यं लिहिण्याचा पर्याय आहे, तो निवडला. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात. हे फिरत्या हार्ड डिस्कपुरतं. एसएसडी देऊन टाकायची असेल तर तिची सिक्युअर इरेज आज्ञा वापरावी लागते. माझी एसएसडी नव्या मशीनमध्ये बॅकअपसाठी दुसरी डिस्क म्हणून लावली आहे. रॅम दादांनी दुसऱ्या कुणाच्या तरी पीसीसाठी घेतली, आणि ती कुणाच्या कामी येणार याचा आनंद आहे.

उरलेलं भंगारवाल्याला दिलं नाही. तो किलोवर पैसे देतो, पण पुढे वायरी जाळून तांबं काढतात आणि बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं. तो धूर आणि ते पाणी कुणाच्या तरी वस्तीत जातं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रीसायकलरनेच करायचं आहे. अशाच एकाच्या संकलन केंद्रात कॅबिनेट, बोर्ड आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जमा केले. पैसे मिळाले नाहीत, पावती मिळाली.

नव्या मशीनवरही मिंटच घेतलं आहे. एका ग्रंथालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका तेवढी तपासायची राहिली आहे. तिची छापील प्रत माझ्याकडे नव्हती, ग्रंथपालांनी त्यांच्याकडची शेवटची प्रत महिनाभरासाठी दिली आहे. सध्या तिची निम्मी पानं झाली आहेत.