सीए मॅडम 'नाही' फार म्हणतात, तरी ४ स्टार

मिरजेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, दरवर्षी टॅक्स ऑडिट असतं. मागच्या वर्षी पोराला शिकायला जर्मनीला जायचं ठरलं, एज्युकेशन लोनसाठी बँकेने सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट (मालमत्तेतून कर्ज वजा जाता किती उरतं त्याचा दाखला) मागितलं. जुन्या सीएंकडे गेलो, मी तोंडी आकडे सांगितले, त्यांनी टाईप करायला लावले, सही शिक्का, चहा, दहा मिनिटांत बाहेर. म्हटलं सर्व्हिस असावी तर अशी. चौथ्या दिवशी बँकेतून फोन, काका यावर यूडिन नाही, चालणार नाही.

यूडिन म्हणजे काय ते तेव्हा कळलं बघा. १८ आकडी-अक्षरी नंबर असतो, पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या मेंबरशिपचे, आणि तो सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या साईटवर टाकून कुणालाही बघता येतं की कागद खरा आहे का. १ फेब्रुवारी २०१९ पासून सर्टिफिकेटवर सक्तीचा आहे म्हणे, आणि मी इतकी वर्षं नुसता गोल शिक्का बघून खूश.

मग मेव्हण्याने या मॅडमचं नाव सुचवलं. पहिल्या भेटीतच यादी हातात, बँक स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, एलआयसी, घराचा उतारा, सोनं असेल तर व्हॅल्युएशन, कर्ज किती तेही. मी म्हटलं घर ८० लाखाचं धरा की ओ, शेजारचं तेवढ्यालाच गेलंय. तर म्हणाल्या काका, शेजारच्या घरावर माझी सही नाही चालत, सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणा. रिपोर्ट आला ६४ चा. डोकं फिरलं होतं खरं सांगतो. पण न बघता सही केली तर माझ्यावरच मिसकंडक्टची (व्यवसायातल्या गैरवर्तनाची) केस होते असं त्यांनी सरळ सांगितलं, १९४९ च्या सीए कायद्यातच आहे ते. सर्टिफिकेट यायला ११ दिवस लागले, बँकेत मात्र एका फटक्यात पास. लोनपण झालं.

म्हणून दुकानाचं ऑडिटही त्यांच्याकडेच द्यायचं ठरवलं, तर तिथे पण थांबा! आधीच्या सीएंना लेखी कळवल्याशिवाय घेता येत नाही, आणि त्यांची ऑडिट फी काही वाद नसताना थकवली असेल तर ती आधी भागवा. माझी दीड वर्षाची बाकी होती (मी मुद्दामच टाळत होतो), मुकाट्याने भरली.

आमच्या लाईनीत एक एजंट फिरतो, इन्कम टॅक्सचा रिफंड काढून देतो आणि त्यातले १० टक्के घेतो, नसलेली भाडी नसलेल्या देणग्या दाखवून. मॅडमना विचारलं तुम्ही पण टक्क्यावर घ्या की, तुम्हालाच फायदा. म्हणाल्या रिफंडच्या टक्क्यावर फी घेणं आम्हाला बंद आहे, जितकं काम तितकी ठरलेली फी. आणि हो, समोरच्या दुकानदाराचं कामपण यांच्याकडेच असतं, गप्पांच्या नादात त्याचा धंदा किती होतो विचारून बघितलं, हसून विषय बदलला. तेव्हा जरा राग आला, रात्री बरं वाटलं, कारण तोपण तिथे बसून माझ्याबद्दल विचारतच असणार.

एक स्टार कापला तो फोनसाठी. सप्टेंबरमध्ये ऑडिटची ३० तारीख जवळ आली की फोन उचलतच नाहीत, ऑफिसातली पोरं 'मॅडम मीटिंगमध्ये' एवढंच म्हणतात. फी जुन्यापेक्षा जास्त आहे पण बिल देतात, पावती देतात. पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत जा. आणि जाताना ओरिजिनल कागद न्या, मोबाईलवरचे फोटो दाखवले तर परत पाठवतात, मी दोनदा परत आलोय.