इंकबर्ड आयटीसी-३०८ : गोव्याच्या दमट हवेत रीफ टँकसाठी किती उपयोगी?

पाण्याचं तापमान पाहून पंखा किंवा हीटर चालू-बंद करणारा हा कंट्रोलर पेटीतून काढून तसाच जोडला तर रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, काही कामाचा नाही. कारखान्यातून तो २५ अंश सेल्सिअसवर आणि दोन्ही बाजूंना २ अंशांच्या फरकावर लावून येतो. म्हणजे कूलिंगच्या सॉकेटमधला पंखा २७ ला सुरू होऊन २५ ला थांबणार, हीटिंगच्या सॉकेटमधला हीटर २३ ला लागणार. वरच्या गजराची मर्यादा तर ९० अंश! तो वाजेपर्यंत टाकीत माशांचं हुमण तयार झालेलं असेल.

तेव्हा पहिलं काम सेटिंगचं. ‘सेट’ बटण तीन सेकंद दाबून ठेवलं की मेनू उघडतो, पुन्हा पुन्हा दाबलं की पुढची ओळ येते, आणि शेवटी तीन सेकंद दाबलं की सगळं जतन होतं. मुख्य तापमान टीएस २६.०, थंड करण्याचा फरक सीडी ०.५, गरम करण्याचा फरक एचडी १.०, वरचा गजर एएच २८, खालचा एएल २३. सीडी ०.३ पर्यंत खाली नेता येतो, पण मग पंखा सारखा चालू-बंद होतो आणि रिले (आतला विजेचा स्विच) उगाच झिजतो. अर्ध्या अंशाच्या चढउताराने प्रवाळाला काही होत नाही.

उरलं सीए, म्हणजे मापनातली दुरुस्ती. या यंत्राची अचूकता अधिक-उणे १ अंश आहे. पडद्यावर दशांश दिसतो म्हणून त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. काचेचा चांगला थर्मामीटर आणि प्रोब (कंट्रोलरचा तापमान मोजणारा वायरवरचा सेन्सर) संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, शेजारी-शेजारी दहा मिनिटं ठेवा आणि जो फरक येईल तो सीएमध्ये भरा. बर्फाच्या पाण्यात शून्याला जुळवण्याची पद्धत चुकीची नाही, पण आपल्याला २६ जवळचं माप हवं, तर जुळवणीही तिथेच करावी.

आता खरा प्रश्न पंख्याचा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे १२ सेंटिमीटरचे दोन पंखे बाष्पीभवनाने टाकी थंड करतात. एक लिटर पाणी उडताना साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. दिवसाला ५ लिटर उडालं तर सरासरी १४० वॉट उष्णता चोवीस तास बाहेर पडते. ३०० लिटरच्या टाकीला ही मदत मोठी आहे. पण बाष्पीभवन हवेच्या मर्जीवर चालतं. जानेवारीच्या दुपारी हवा ३१ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ओल्या फुग्याचं तापमान (वेट बल्ब, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जितकं थंड होऊ शकतं ती मर्यादा) २३ च्या आसपास येतं, आणि पंखा २६ सहज सांभाळतो. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की तेच २८ च्या वर जातं. पंखा कितीही फिरवा, पाणी त्याच्या खाली जाणारच नाही. पावसाळ्यात हवा २८ वर उतरली तरी ९० टक्के आर्द्रतेत ही मर्यादा २६.५ च्या जवळ राहते आणि त्यात पंपांची, दिव्यांची उष्णता भर घालते. शिवाय खोलीत ओल वाढते आणि कपाटामागे बुरशी धरते ती वेगळीच.

म्हणून गोव्यात या कंट्रोलरची कामगिरी दोन भागांत जोखावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंख्यासह तो एकटा पुरतो. मार्च ते ऑक्टोबर तो चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या, फ्रीजसारख्या यंत्राचा) मदतनीस आहे, चिलरची जागा घेऊ शकत नाही.

चिलरला स्वतःचा थर्मोस्टॅट असेल तर तो या कंट्रोलरला जोडूच नका. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि २७ वर ठेवा. पंखा २६.५ ला लागतो. त्याला जमलं नाही तरच चिलर उठतो. कोरड्या महिन्यांत कॉम्प्रेसर क्वचितच सुरू होतो आणि विजेचं बिलही आटोक्यात राहतं. कारागिराने एसीच्या कॉम्प्रेसरवर बांधलेला चिलर असेल तर तो मात्र कूलिंगच्या सॉकेटला द्यावा आणि पीटी, म्हणजे कॉम्प्रेसरचा विलंब, ३ वरून ५ मिनिटांवर न्यावा. वीज गेली आणि पुन्हा आली तरी हा विलंब पाळला जातो. पावसाळ्यात पाच मिनिटांत तीनदा वीज जाणाऱ्या वाड्यांत या एका सोयीसाठी हा डबा घेण्यासारखा आहे, कारण दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला तर तो अडकतो. अशा चिलरची कॉइल टायटॅनियमचीच हवी. तांबं खाऱ्या पाण्यात विरघळतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळ्यांना मारतं.

चिलर टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नये. पाण्यातून काढलेली उष्णता तो तिथेच ओततो. मिरामार, करंजाळे, कळंगुट अशा किनाऱ्याच्या भागांत खारट हवेने कंडेन्सरच्या पात्यांना गंज धरतो, म्हणून बल्कांवात (घरासमोरच्या ओसरीत) ठेवायचा तर समुद्राकडे तोंड नको, आणि जाळी दर महिन्याला झाडावी.

हीटरचं सॉकेट गोव्यात जवळजवळ रिकामंच राहतं. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत १०० वॉटचा हीटर ठेवायला हरकत नाही, पण इथे एक धोका आहे. प्रोब पाण्याबाहेर निसटला आणि खोली २२ अंशांवर असली तर कंट्रोलर समजतो की पाणीच २२ झालं, आणि हीटर लावून बसतो. रिले चिकटला तरी परिणाम तोच. म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६.५ वर ठेवावाच. प्रोब संपच्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात, हीटरपासून लांब, केबल टायने पक्का बांधावा. एकच प्रोब आहे, त्याला जोडीदार नाही, ही या यंत्राची मोठी उणीव. दुसरी, साध्या मॉडेलमध्ये वाय-फाय नाही. गजर वाजतो, पण घरात कोणी असेल तरच त्याचा उपयोग.

पंखा लावला की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. ३०० लिटरमधून ५ लिटर गेले की क्षारता दर हजारी ३५ वरून ३५.६ होते. पूर्वीइतकी करण्यासाठी आरओचं गोडं पाणी घालावं, खारं नव्हे. ऑटो टॉप-अपशिवाय, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या सोयीशिवाय, पंखा लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि हे सगळं मऊ प्रवाळ, मशरूम, झोअँथिड अशा दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळांच्या टाकीसाठी आहे. दगडी प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, दुकानदार काहीही सांगो.

घेताना २२० व्होल्टचाच मागा आणि प्लग पाहून घ्या. युरोपीय गोल प्लग आपल्या तीन पिनांच्या सॉकेटात बसतो खरा, पण अर्थिंग जुळत नाही. खाऱ्या पाण्याशेजारी तसं चालवणं म्हणजे उघड धोका. वायरमनकडून प्लग बदलून घ्या, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि डबा संपच्या वर न टांगता बाजूला, वायरला खाली झोळ देऊन लावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच टपकेल.