क्रूझ कंट्रोल लागत नाही: घरीच बघायचं, स्कॅनर घ्यायचा की गॅरेज गाठायचं?

आधी फुकटातली तपासणी करा. क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, सेट होत नसेल तर पहिला संशय ब्रेक पेडलवरच्या स्विचवर घ्यायचा. तो सरकला किंवा अडकला की गाडीला ब्रेक सतत दाबलेलाच वाटतो, आणि मग बटण कितीही दाबा, क्रूझ लागत नाही. संध्याकाळी गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून पेडल दाबा आणि सोडा. ब्रेकलाइट लागत नसेल किंवा विझत नसेल तर गुन्हेगार जवळपास सापडलाच. मॅन्युअल गाडीत क्लचलाही असाच स्विच असतो. फ्यूजही बघून घ्या. आणि हो, बऱ्याच गाड्यांत ताशी ४० किमीच्या आसपास वेग गाठेपर्यंत क्रूझ लागतच नाही. गल्लीत करून पाहिलेली चाचणी धरू नका.

फुकटच्या तपासणीची मर्यादा अशी, की अनेक गाड्यांत या एकाच स्विचमध्ये दोन सर्किटं असतात. एक दिव्यासाठी, दुसरं इंजिनाच्या ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी. दिवा नीट लागतो, पण दुसरं सर्किट गेलेलं असतं. इथे ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, कामाला येतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा अडॅप्टर हजाराच्या आसपास मिळतो. पी०५७१ (P0571) हा कोड आला तर बिघाड ब्रेक स्विचच्या सर्किटमध्ये, पी०५०० (P0500) आला तर वेगाच्या सिग्नलमध्ये. पण कोडपेक्षा लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी सेन्सर काय सांगतायत ते, जास्त सांगून जातो. गाडी तो दाखवत असेल, तर पेडल दाबल्यावर स्क्रीनवरचा ब्रेकचा संकेत बदलतो का ते बघा. स्वस्त अडॅप्टर मात्र बहुधा इंजिनाशीच बोलतात, एबीएस आणि एअरबॅग त्यांना दिसत नाहीत. तेव्हा एबीएसचा दिवा पेटलेला असेल, तर चाकाच्या स्पीड सेन्सरवर संशय घेऊन पूर्ण स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. फक्त क्रूझसाठी अडॅप्टर घेणं मला पटत नाही. गाडी जुनी असेल आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागत असेल, तर जरूर घ्या.

दोन बाबतींत घरी हात घालू नका. स्टीअरिंगवरची बटणं, हॉर्न बंद आणि सोबत एअरबॅगचा दिवा चालू, म्हणजे बहुधा क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टीअरिंगसोबत फिरणारी वायरची गुंडाळी, तुटलीय. ती एअरबॅगच्या मागे असते, व्हिडिओ बघून उघडायची वस्तू नाही. दुसरं, अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमी-जास्त करणारं. रडारसमोरचा चिखल आणि कॅमेऱ्यासमोरची काच पुसून घ्या, तेवढंच तुमचं काम. पुढची काच बदलल्यावर बिघाड सुरू झाला असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करावं लागतं, ते सर्व्हिस सेंटरलाच.

वॉरंटी असेल तर वायरिंगला स्पर्शही नको. नसेल, तर नाक्यावरचा चांगला इलेक्ट्रिशियन ब्रेक स्विच सर्व्हिस सेंटरपेक्षा कमी पैशांत बदलून देतो. कुठेही जा, कोड पुसून जाऊ नका. स्क्रीनशॉट काढून मेकॅनिकला दाखवा.