साठीनंतर रनिंग क्लब जॉइन करावा का? बडोद्यातला वर्षभराचा अनुभव

मी ६१ वर्षांचा. बँकेतून रिटायर, दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालो, आता मांजलपूरला राहतो. पळणं मला नवीन नाही, कामाटी बागेत एकटा बरीच वर्षं पळायचो, पण क्लबात नाव घातलं ते मागच्या पावसाळ्यात आणि आता वर्ष होत आलं. क्लबचं नाव देत नाही, कारण यातलं चांगलंही आणि वैतागाचंही बहुतेक क्लबांत थोड्याफार फरकाने तेच असणार. ज्यांची पन्नाशी उलटलीय आणि 'जाऊ की नको' चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय, पंचविशीतल्या पोरांनी वाचलं तरी हरकत नाही पण त्यांना निम्मं पटणार नाही.

फी महिन्याला हजाराच्या आत. मंगळवारी स्ट्रेंथ (ताकदीचे व्यायाम), गुरुवारी इंटरव्हल (थोडं जोरात पळायचं, थोडा आराम, पुन्हा जोरात), रविवारी लाँग रन, तिन्ही दिवस पहाटे साडेपाचला. कोच गुजराती मुलगा, माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, सगळ्यांना 'काका, धीमे धीमे' म्हणतो, पोरगा मनाने चांगला आहे. फॉर्म भरताना मात्र 'मी तंदुरुस्त आहे' एवढ्या एका ओळीखाली सही घेतली आणि झालं. ना बीपी विचारलं, ना कुठल्या गोळ्या चालू आहेत ते. साठीच्या माणसाला इंटरव्हल करायला लावायचे आणि साधी चौकशी नाही, हे मला अजिबात आवडलं नाही. मी आपला आधीच डॉक्टरांना दाखवून स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करून आलो होतो, तुम्हीही करूनच जा, क्लब सांगेल म्हणून थांबू नका.

आता खरं काय कामाला आलं ते. पैसे वसूल झाले ते मंगळवारच्या स्ट्रेंथमुळे, हे मी जॉइन होताना कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो, कारण मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर-बैठका काढलेला माणूस (१८८० पासूनचा आखाडा आहे तो, आमच्या आळीतली सगळी पोरं तिथेच), मला कोण व्यायाम शिकवणार! पण तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के कमी होतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो, आणि पळणाऱ्याच्या बाबतीत ते पहिलं दिसतं पोटरीत. तरुण पोरांचे गुडघे दुखतात, आमच्या वयाच्या लोकांची पोटरी आणि टाचेच्या वरची ती जाड शीर, अकिलीस. मला सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पाच-सात पावलं लंगडतच टाकायला लागायची, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत ठीक. त्यावर कोचने दिलेला व्यायाम एवढाच, पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग एक पाय उचलून घ्यायचा आणि दुसऱ्यावर सगळं वजन देऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. हळूहळू म्हणजे मनात पाच आकडे होईपर्यंत. दिसायला काहीच नाही पण पंधरा झाले की पोटरी थरथरायला लागते आणि कठड्याला धरलेला हात घट्ट होतो. गुडघा सरळ ठेवून एक सेट, जरा वाकवून दुसरा, कारण वाकवला की आतला स्नायू काम करतो. दोन-तीन महिने काहीच फरक वाटला नाही, मग कधीतरी लक्षात आलं की सकाळचं लंगडणं बंद झालंय.

गुरुवारचे इंटरव्हल मी चार-पाच महिने केले आणि सोडले. माझं मत सांगतो, साठीच्या पुढे आठवड्यातून एक जोराचा दिवस ठीक आहे, उलट हवाच, पण तो तीस वर्षांच्या पोरांच्या रिकव्हरीवर बेतलेला नसावा. ४०० मीटर जोरात, मग ९० सेकंद आराम, असं आठ वेळा, हे मला जमत नाही असं नाही, जमतं, पण तीन दिवसांनी रविवारच्या पळण्यात पाय लाकूड होतात. आता मी त्याऐवजी अकोटा-दांडिया बाजार पुलावर, सोलर पॅनलच्या सावलीतून, चढ जोरात आणि उतार चालत, असं स्वतःच करतो. सपाट बडोद्यात चढ म्हणजे पूलच, दुसरं आहे काय.

घड्याळाच्या झोनबद्दल (हार्टरेटवरून घड्याळ एक ते पाच झोन दाखवतं, पाच म्हणजे सगळ्यात जोराचा) पण सांगून टाकतो कारण ग्रुपमध्ये सगळे रात्रंदिवस तेच बोलतात. २२० वजा वय केलं तर माझा मॅक्स हार्टरेट १५९ येतो, २०८ वजा वयाचे ०.७ पट केलं तर १६५. आणि दोन्ही सरासरीच आहेत, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. माझं घड्याळ मला झोन पाचमध्ये दाखवतं तेव्हा मी शेजारच्याशी भाचीच्या लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत असतो. ज्यांना बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाची गोळी) चालू आहे त्यांचा तर हार्टरेट फारसा चढत नाही, त्यांनी झोन बघूच नयेत, अख्खं वाक्य न थांबता बोलता येतंय का एवढं बघावं.

रविवारची गोष्ट मोठी आहे. पेसप्रमाणे, म्हणजे पळायच्या वेगाप्रमाणे, तीन ग्रुप आणि आम्ही सगळ्यात मागचे. सुरुवातीला प्रकार असा होता की पाण्याचा जार घेऊन ॲक्टिवा जायची ती पुढच्या ग्रुपबरोबर, कोचही पुढे, आणि आम्ही म्हातारे आणि नवीन आलेल्या बायका पोचेपर्यंत ॲक्टिवा परत फिरलेली. पोरं ग्रुप फोटो काढून सेव उसळ खायला निघून जायची आणि आमची हजेरी पण लागायची नाही. वय झालं की तहान कमी लागते, म्हणजे ज्यांना आठवणीने पाणी पाजायला पाहिजे त्यांनाच नाही! शेवटी आमच्यातल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर कोचला धरलं, फी तर आमची पण तेवढीच आहे ना रे बाबा, मग पाणी का नाही. आता आमचा ग्रुप वीस मिनिटं आधी सुटतो, पाणी वाटेत मिळतं आणि शेवटी सगळे साधारण एकत्र पोचतो. हे असं असेल तरच क्लब घ्या, ट्रायलच्या रविवारी सगळ्यात मागच्या ग्रुपबरोबर पळून बघा, पुढे काय चाललंय ते बघू नका. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठचे रूट बंद असतात ते बरंच आहे, २०२४च्या ऑगस्टच्या पुरात मगरी रस्त्यांवर आलेल्या सगळ्यांनी बघितल्यात.

या काकू माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. नवलखी मैदानावरून सुटणाऱ्या आपल्या मॅरेथॉनमध्ये आम्ही दोघं हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, पळालो. माझं ठरलेलं, सव्वादोन तासांच्या पेसरचा (ठरलेल्या वेळेत पोचेल अशा वेगाने झेंडा घेऊन पळणारा) झेंडा सोडायचा नाही. सोळा किलोमीटरपर्यंत झेंडा पाच पावलांवर होता, मग दहा, मग एका वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा मी फक्त समोरच्या माणसाच्या निळ्या मोज्यांकडे बघत पळत होतो. शेवटच्या दोन किलोमीटरला पोटरी शाबूत होती, श्वास होता, मग जोर केला आणि पेसरला फिनिशच्या थोडं आधी गाठलं. २:१४. काकू २:३१. मी फार खूश. मग घरी मुलीने दोघांचे टाइम एज ग्रेडच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले. त्यात काय करतात, तुमच्या वयाच्या आणि तुमच्यासारख्याच, म्हणजे पुरुष किंवा बाई, जगातल्या उत्तम धावपटूचा जो स्टँडर्ड टाइम त्याच्याशी तुमचा टाइम टक्क्यांत तोलतात. ६० म्हणजे लोकल दर्जा, ७० रीजनल, ८० नॅशनल, ९० वर्ल्ड क्लास. माझा टक्का पन्नाशीतला, काकू माझ्याहून चांगल्या चार टक्क्यांनी पुढे. म्हणजे खरी शर्यत त्यांनी जिंकली. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, मला माहितीये, मी दर वेळी बघते.

तेव्हापासून मी टाइम बघणं जवळजवळ सोडलंय. टाइम दर वर्षी थोडा बिघडणारच, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) खाली जातो, ट्रेनिंगने तो घसरायचा वेग कमी होतो पण थांबत नाही. टक्का मात्र वाढू शकतो, सत्तरीतसुद्धा. आमच्या क्लबात हे कुणीच करत नाही, सगळे पीबीच्या (पर्सनल बेस्ट, स्वतःचा सगळ्यात चांगला टाइम) मागे, आणि पीबीच्या पोस्टला टाळ्यांचे इमोजी पडतात, आमच्यासाठी दर रविवारी फौजा सिंगांचा फॉरवर्ड. आदर आहेच, ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन म्हणजे खेळ नाही, पण मला जास्त पटतो तो कॅनडाचा एड व्हिटलॉक, २००४ मध्ये ७३व्या वर्षी २:५४:४८ची मॅरेथॉन आणि ट्रेनिंग काय तर घराजवळच्या स्मशानभूमीत तासन्‌तास हळूहळू गोल गोल पळणं. ना इंटरव्हल, ना ग्रुप फोटो.

शर्यतींची खरी चीड वेगळीच. जवळच्याच एका शहरात आमचा क्लब १०के, म्हणजे दहा किलोमीटरच्या शर्यतीला गेला, तिथे वयोगट काय तर '४५ आणि वरील', बस. म्हणजे ४६चा गडी आणि ६८चे आजोबा एकाच बक्षिसासाठी. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये ३५ पासून दर पाच वर्षांचा गट असतो, तेवढे नाही तर निदान दहा-दहाचे करा की! वर स्टेजवर 'सीनियर सिटिझन्सना जोरदार टाळ्या', टाळ्या नकोत हो, बक्षीस द्या. फॉर्म भरायच्या आधी कॅटेगरी नीट वाचा आणि पटली नाही तर पैसे वाचवा.

मी रिन्यू केलंय, फक्त मंगळवार-रविवारचं पॅकेज, विचारलं तर देतात, वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. कोच मला अजूनही फुल मॅरेथॉनसाठी टोचत असतो, ४२ किलोमीटरची माझी इच्छा नाही, हाफमध्ये मला मजा येते. कुणाला जायचं असेल तर जूनच्या शेवटी नाव घाला, उकाडा उतरलेला असतो, माणसं कमी असतात आणि पोटरी-बिटरीकडे बघायला कोचला वेळ असतो. डिसेंबरात नुसती जत्रा भरते, सगळ्यांना सहा आठवड्यांत हाफ करायची असते आणि तेव्हा तुमचं नावसुद्धा त्याच्या लक्षात राहत नाही.